पालवणकर बाळू आणि कर्णधारपदाचा प्रश्न

पालवणकर बाळू (१८७६-१९५५) हे डावखुरे मंदगती गोलंदाज; जन्म चर्मकार कुटुंबातला. पुण्यातील युरोपियनांच्या जिमखान्यावर ते मैदानाची निगा राखीत व जे. जी. ग्रेग या नामांकित फलंदाजास सरावासाठी चेंडू टाकीत. पुढे हिंदू संघाने त्यांना घेतले. त्यात औदार्यापेक्षा विजयाची निकड अधिक होती. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. चहा मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या पात्रात मिळे. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांस १०९ धावांनी हरविले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ २३ पैकी १५ सामने हरला, तरी बाळूंनी ११४ बळी मिळविले.

कर्णधारपद त्यांना कधीच देण्यात आले नाही. हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंकडे जावयास हवा होता, हे १९१३ मध्ये कर्णधार एम. डी. पै यांनीच जाहीरपणे सांगितले. म्हणजे गुणवत्तेची कसोटी केवळ गोलंदाजीपुरती मानली जात होती. १९२० मध्ये शिवराम व विठ्ठल या बंधूंनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. त्यानंतर बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले, तेव्हा बाळूंचा खेळ संपला होता.