यातनेचे नाव

'यातना' आणि 'छळ' हे दोन शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सहज वापरतो. पण त्यांत एक सूक्ष्म भेद आहे. यातना म्हटले की भोगणारा डोळ्यांपुढे येतो. छळ म्हटले की करणाराही येतो. सत्तेला हा दुसरा शब्द नेहमीच अडचणीचा वाटत आलेला आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे या अडचणीचाच इतिहास होय.

माणसाला फळीवर उताणे बांधावयाचे, डोके किंचित खाली ठेवावयाचे, तोंडावर फडके टाकून त्यावर पाणी ओतत राहावयाचे. श्वास कोंडतो आणि आपण बुडून मरत आहोत याची शरीराला खात्री पटते. इंग्रजीत यालाच 'वॉटरबोर्डिंग' म्हणतात. २००२ साली अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने अबू झुबैदा या एकाच कैद्यावर हा प्रयोग ८३ वेळा केला. त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला सरकारी विधिज्ञांनी अभिप्राय दिला होता, की अवयव निकामी होताना किंवा मरताना होणाऱ्या वेदनेइतकी तीव्र शारीरिक वेदना झाली, तरच तो कायद्याच्या दृष्टीने छळ. सरकारी भाषेत या साऱ्याला 'चौकशीच्या वाढीव पद्धती' असे नाव मिळाले. जणू एखाद्या कार्यालयाची सुधारणाच चालली होती!

ही पद्धत मात्र नवी नव्हती. स्पेनमधील इन्क्विझिशनच्या न्यायासनांत ती 'तोका' म्हणून ओळखली जाई. तोका म्हणजे तोंडात कोंबावयाचे फडके. कृत्याला साधनाचे नाव दिले की कृत्य निम्मे झाकले जाते. पोर्तुगीज न्यायासनांचा भर मुख्यतः 'पोले' आणि 'पोत्रो' यांवर होता. हात मागे बांधून कप्पीने वर ओढणे म्हणजे पोले. चौकटीवर निजवून दोऱ्या आवळणे म्हणजे पोत्रो. खोलीत लेखनिक हजर असे, वैद्यही असे. आरोपी दगावला किंवा त्याचा अवयव मोडला, तर दोष कबुली न देणाऱ्या त्याच्याच माथी राहील, अशी नोंद आधीच करून ठेवली जाई. स्पेनमध्ये एकदा छळ केल्यावर पुन्हा तो करण्यास नियमाने बंदी होती. म्हणून तो 'संपला' असे न लिहिता 'स्थगित केला' असे लिहीत, आणि काही दिवसांनी पुढे चालू करीत. वेदनेखाली दिलेली कबुली दुसऱ्या दिवशी वेगळ्या दालनात वदवून घेत आणि ती स्वेच्छेने दिल्याचे नमूद करीत. लेखनिकाच्या बोरूने केलेले हे काम जल्लादाच्या कामाहून कमी महत्त्वाचे होते, असे मला वाटत नाही.

गोव्यात हे न्यायासन १५६० मध्ये आले, १७७४ मध्ये बंद झाले, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे मिटले. त्याच्या दप्तराचा बहुतेक भाग नष्ट झाला. आपला पेडणे महाल आणि डिचोली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अंमलाखाली आली, तीही धर्माचरणाच्या अभयासह. त्यामुळे आपल्या घरांतून त्या काळाची आठवण आहे ती मुख्यतः इकडे आलेल्या माणसांची आणि दैवतांची. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्याला आला, ही कथा या भागातील पोरालाही ठाऊक असते.

दप्तर गेले, तरी एका कैद्याची साक्ष उरली. शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य १६७४ ते १६७६ या काळात गोव्याच्या इन्क्विझिशनच्या कोठडीत होता. त्याचा वृत्तांत १६८७ मध्ये छापला गेला. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सकाळी इतरांच्या किंकाळ्या आपल्या कानी पडत, असे तो नोंदवतो. छळासाठी तो फ्रेंच भाषेतील रूढ शब्द वापरतो, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे 'प्रश्न'. प्रश्न विचारणे आणि हाडे पिळणे यांस एकच शब्द! अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ साली, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, आपल्या इंग्रजी ग्रंथातून देलाँची ही साक्ष वाचकांपुढे ठेवली.

आता वृत्तपत्रांकडे वळू. १९३२ च्या डिसेंबरात अंतोनियु फेर्रु या पत्रकाराने सालाझारची मुलाखतमाला प्रसिद्ध केली. कैद्यांना मारहाण होते काय, या प्रश्नावर सालाझारचे उत्तर असे, की ज्यांना मार बसला ते भयंकर बाँबवाले होते. निरपराध मुलांचे प्राण वाचवायचे तर अशांना वेळीच दिलेले अर्धा डझन हिसके समर्थनीय नव्हेत काय? 'हिसके' हा शब्द लक्षात ठेवावा. पुढच्याच वर्षी फेर्रु सरकारच्या प्रचारखात्याचा प्रमुख झाला. त्या हिसक्यांचा अर्थ गोव्यातील स्वातंत्र्यसैनिकांना १९५० नंतर काझिमिरो मोंतेरो या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून कळला. अमेरिकेत २००२ नंतर दूरचित्रवाणीवर जो बाँबचा युक्तिवाद रात्रंदिवस झाला, त्याचे मूळ रूप आपल्या या जुन्या राज्यकर्त्याच्या तोंडी सापडते.

हार्वर्ड विद्यापीठाच्या २०१० मधील एका अभ्यासात अमेरिकेतील मोठ्या वृत्तपत्रांच्या जुन्या-नव्या अंकांची छाननी झाली. न्यूयॉर्क टाइम्सने १९३० च्या दशकापासून १९९९ पर्यंत या जलप्रयोगाविषयीच्या ५४ पैकी ४४ लेखांत त्यास छळ म्हटले होते. २००२ ते २००८ या काळातील १४३ पैकी केवळ दोन लेखांत. पाणी तेच, फडके तेच. ओतणारा हात मात्र आता आपल्या सरकारचा होता. 'हा शब्द वादग्रस्त आहे' ही सबब पुढे आली. परंतु १९४८ च्या टोकियो निकालपत्रात जपान्यांच्या याच कृत्याची गणना छळाच्या प्रकारांत झाली होती आणि तेव्हा अमेरिकेत हा शब्द कोणास वादग्रस्त वाटला नव्हता. २०१४ च्या ऑगस्टमध्ये त्या पत्राने तो शब्द पुन्हा स्वीकारला.

हे सारे परदेशातले म्हणून आपण सुस्कारा टाकू नये. आपल्या मराठी पत्रांतील गुन्हेवार्ता काढून पाहाव्यात. 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला', 'चांगलाच प्रसाद मिळाल्यावर त्याने कबुली दिली', 'विश्वासात घेऊन विचारपूस केली असता' ही वाक्ये आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतो आणि कधीकधी हसतोही. प्रसाद हा देवळातला शब्द कोठडीत कसा गेला, याचा विचार भाषेच्या अध्यापकांनी तरी करावयास हवा होता.

कायद्याने मात्र येथे आडपडदा ठेवलेला नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३३० कबुलीसाठी इजा करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद सांगते. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम १२० झाले. आपल्या देशाने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली. अनुमोदन मात्र दिलेले नाही. कलम ३३० खाली जी उदाहरणे आहेत, त्यांतील पहिलेच पाहावे. एक पोलीस अधिकारी कबुली मिळवण्यासाठी एका माणसाला काय करतो, ते तेथे एकाच क्रियापदात सांगितले आहे. ते क्रियापद 'छळतो' हे आहे.