सायनोटाइप

सायनोटाइप ही लोहाच्या क्षारांवर होणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या परिणामाचा उपयोग करून छायाचित्र छापण्याची पद्धती आहे. या पद्धतीने मिळणारी प्रतिमा प्रशियन निळ्या रंगद्रव्याची असते. चांदीचे क्षार, भिंगाचे वर्धनयंत्र किंवा पूर्ण अंधारी खोली यांची गरज नसल्यामुळे आणि प्रतिमा केवळ पाण्याने पक्की होत असल्यामुळे ही पद्धती घरी व शाळांमध्ये करून पाहता येते. नावातील पहिला भाग गडद निळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे.

इतिहास

इंग्लिश शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनी ही पद्धती १८४२ मध्ये शोधली. हर्शेल हे मुख्यतः खगोलशास्त्रज्ञ म्हणून परिचित असले, तरी छायाचित्रणाच्या रसायनशास्त्रातही त्यांचे स्थान मोठे आहे. हायपो या रसायनात चांदीचे क्षार विरघळतात हे त्यांनी १८१९ मध्येच दाखवले होते आणि 'निगेटिव्ह' व 'पॉझिटिव्ह' या संज्ञा छायाचित्रणात त्यांनीच रूढ केल्या. सूर्याच्या वर्णपटातील वेगवेगळ्या किरणांचा वनस्पतींच्या रंगांवर आणि इतर पदार्थांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करताना ते लोहक्षारांकडे वळले. चित्रे काढण्याचे साधन निर्माण करणे हा त्यांचा मूळ हेतू नव्हता.

पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स (१७९९–१८७१) यांनी या पद्धतीचा पहिला मोठा उपयोग केला. त्या वनस्पतींच्या अभ्यासक होत्या आणि हर्शेल यांच्याशी त्यांच्या कुटुंबाचा परिचय होता. ब्रिटनच्या किनाऱ्यावरील शैवालांचे नमुने त्यांनी थेट संवेदी कागदावर ठेवून त्यांचे ठसे घेतले. 'फोटोग्राफ्स ऑफ ब्रिटिश अल्गी' या त्यांच्या ग्रंथाचे भाग १८४३ ते १८५३ या काळात निघाले. त्यातील मजकूरही त्यांनी हाताने लिहून याच पद्धतीने उमटवला. छायाचित्रांनी सजलेला हा पहिला ग्रंथ मानला जातो. शैवालाचे धाग्यांसारखे बारीक फाटे चित्रकाराच्या हातून सुटण्याची शक्यता असते. ठशात मात्र ते जसेच्या तसे उतरतात, म्हणून वैज्ञानिक नोंदीसाठी ही निवड अचूक होती.

चित्रकलेच्या दृष्टीने मात्र या निळ्या रंगाला एकोणिसाव्या शतकात फारशी प्रतिष्ठा मिळाली नाही. व्यक्तिचित्रे आणि निसर्गदृश्ये निळ्या रंगात अनेकांना विचित्र वाटत. पद्धती टिकून राहिली ती कचेऱ्यांमुळे. १८७०च्या दशकापासून वास्तुविशारद व अभियंते आराखड्यांच्या प्रती काढण्यासाठी ती वापरू लागले. पारदर्शक कागदावरील काळ्या रेषा प्रतीत पांढऱ्या येत आणि उरलेला कागद निळा होई, यावरून अशा प्रतीला 'ब्लूप्रिंट' म्हटले जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या मध्यास डायझो पद्धतीने तिची जागा घेतली. आज मराठी वृत्तपत्रांत हा शब्द 'योजनेचा आराखडा' या अर्थाने सर्रास येतो, परंतु त्यामागचा निळा कागद फारसा कोणाच्या लक्षात नसतो. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात वेढा पडलेल्या मॅफेकिंग शहरात १९०० मध्ये टपालाची तिकिटेही याच पद्धतीने छापली गेली होती.

रासायनिक क्रिया

कागदावर फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांच्या मिश्रणाचा लेप असतो. प्रकाशातील अतिनील व जांभळ्या किरणांमुळे सायट्रेटचे ऑक्सिडीकरण होते आणि फेरिक लोहाचे क्षपण होऊन ते फेरस बनते. फेरस लोह फेरिसायनाइडशी संयोग पावून प्रशियन निळा हा पाण्यात न विरघळणारा पदार्थ तयार करते. जिथे प्रकाश पोहोचत नाही तिथले क्षार विद्राव्यच राहतात आणि धुतल्यावर निघून जातात. म्हणून येथे विकासक व स्थिरकारक ही दोन्ही कामे पाणीच करते.

घरी मुद्रण

प्रचलित कृतीत दोन द्रावणे वेगवेगळी करतात. पहिल्यात १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट विरघळवतात. याचा हिरवा प्रकार घेणे योग्य, कारण तपकिरी प्रकार प्रकाशाला कमी संवेदनशील असतो. दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड असते. गडद बाटल्यांत ही द्रावणे पुष्कळ दिवस टिकतात, मात्र पहिल्यावर बुरशी धरते, ती गाळून काढावी लागते. दोन्ही समप्रमाणात मिसळल्यावरच मिश्रण संवेदी बनते, त्यामुळे गरजेपुरतेच मिसळतात.

लेप देण्याचे काम उन्हापासून दूर, साध्या पिवळ्या बल्बच्या मंद प्रकाशात करता येते. ब्रशला लोखंडी पत्र्याचे वेष्टन नसावे, अन्यथा कागदावर निळे ठिपके उठतात. कागदाची निवड हा या पद्धतीतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. टिकाऊपणासाठी अनेक चांगल्या कागदांत खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, भर घातलेली असते. ती अल्कधर्मी असल्यामुळे निळा रंग फिका पडतो. त्यामुळे महाग कागदापेक्षा अल्कधर्मी भर नसलेला साधा जलरंगाचा कागद किंवा सुती चिंध्यांचा हातकागद अनेकदा चांगला निकाल देतो. लेप अंधारात पूर्ण वाळू द्यावा. तयार कागदाचा रंग पिवळसर हिरवा असतो. तो वापरण्याआधीच निळसर दिसू लागला तर खराब झाला असे समजावे. दमट हवेत, विशेषतः कोकणच्या पावसाळ्यात, असे लवकर घडते.

कागदाची संवेदनशीलता कमी असल्यामुळे प्रतिमा मोठी करून टाकता येत नाही. वस्तू किंवा निगेटिव्ह कागदाला चिकटूनच असावी लागते आणि छाप तिच्याच आकाराचा येतो. नेच्याचे पान, पिंपळाचे जाळी झालेले पान किंवा लेसचा तुकडा यांपासून सुरुवात करता येते. छायाचित्रासाठी त्याची उलट प्रत पारदर्शक फिल्मवर छापून घेतात. वर साधी काच ठेवून चिमट्यांनी घट्ट दाबतात. अतिनील किरण अडवणाऱ्या ॲक्रिलिकचा येथे उपयोग होत नाही.

उन्हाळ्यातील भर दुपारी ५ ते १५ मिनिटे पुरतात, तर ढगाळ दिवशी तास लागू शकतो. घड्याळापेक्षा रंग पाहणे अधिक भरवशाचे आहे. उघडा भाग आधी निळा होतो, नंतर राखाडी व किंचित काशासारखा दिसू लागतो. धुताना बराच रंग उतरत असल्यामुळे छाप या टप्प्यावर अपेक्षेपेक्षा गडद दिसला पाहिजे. निळा रंग येताच घाईने कागद उचलणे, हे नवशिक्यांच्या फिक्या छापांचे नेहमीचे कारण आहे.

त्यानंतर पाणी बदलत, पांढऱ्या भागांतील पिवळेपणा जाईपर्यंत, साधारण ५ ते १० मिनिटे धुतात. बोअरवेलचे जड, अल्कधर्मी पाणी असल्यास पहिल्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व घालतात. वाळताना हवेतील ऑक्सिजनमुळे रंग दिवसभरात गडद होत जातो. सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पाण्यात हाच बदल क्षणात दिसतो, परंतु शेवटच्या रंगात त्यामुळे फरक पडत नाही.

टिकाऊपणा

प्रशियन निळ्याचा खरा शत्रू अल्क आहे. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात छाप काही मिनिटांत पिवळट पडतो. सुती कापडावरचे छाप साबणाने किंवा धुण्याच्या पावडरीने धुतल्यास विटतात, ते याचमुळे. याच गुणाचा उपयोग करून छापाचा रंग बदलताही येतो. सोड्याने फिका केलेला छाप गडद चहाच्या पाण्यात ठेवल्यास त्यातील टॅनिनमुळे तपकिरी ते काळपट छटा येतात.

उन्हात टांगलेला छापही फिका पडतो, परंतु काही काळ अंधारात, मोकळ्या हवेत ठेवल्यास बराचसा रंग परत येतो. संग्रहालये एरवी कागदी वस्तूंसाठी अल्कधर्मी भर असलेली पाकिटे पसंत करतात. सायनोटाइपसाठी मात्र ती टाळावी लागतात.

सुरक्षितता

फेरिसायनाइड या नावामुळे अनेकांना सायनाइडची भीती वाटते. या क्षारातील सायनाइड गट लोहाशी घट्ट बांधलेला असल्यामुळे नेहमीच्या वापरात त्याची विषारीता कमी असते. तीव्र आम्लाशी संपर्क आल्यास किंवा तो फार तापवल्यास मात्र अत्यंत विषारी हायड्रोजन सायनाइड वायू निघू शकतो. म्हणून उरलेले द्रावण ज्या मोरीत ओततात तिथे त्याच वेळी स्वच्छतागृहासाठीचे आम्ल ओतू नये. द्रावणांसाठीची भांडी स्वयंपाकात परत वापरू नयेत, हातमोजे घालावेत आणि लहान मुलांनी हे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे.