तीन सिंहांचं रेडियम

भिलाईत 1959 साली पहिली झोतभट्टी पेटली. 1965 मध्ये आमच्या जामुलात एसीसीचा सिमेंट कारखाना सुरू झाला. पगाराबरोबर इकडे बिल्ल्याचा रुबाबही आला. वडील राजदूत मोटारसायकलच्या टाकीवर ब्रशनं 'बीएसपी' (भिलाई स्टील प्लांट) लिहून द्यायचे, मी रेडियमचे स्टिकर कापतो. त्या अक्षरांचं मला कधी भय वाटलं नाही. बीएसपी चालवणारी सेल (स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया) सरकारी मालकीची असली तरी कंपनीच आहे आणि तिचं चिन्ह हे व्यापारचिन्ह. कामगारानं ते हौसेनं स्वतःच्या डब्यावर चिकटवलं, तर त्यात व्यापार कुठे आला? तेच छापून कुणी माल विकू लागला, तर मात्र नोटीस येईल.

सिंहांचं तसं नाही. सारनाथचे सिंह 26 जानेवारी 1950 ला राजमुद्रा झाले. संविधानाच्या मूळ प्रतीसाठी ते चितारणारे दीनानाथ भार्गव मुलताईचे, म्हणजे आमच्या दुर्ग जिल्ह्यासारखेच जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातले! त्याच वर्षी कायदा आला: सरकारी नावं नि चिन्हं परवानगीशिवाय धंद्यात वापरायची नाहीत. दंड पाचशे रुपयांपर्यंत. एवढ्याला कोण भितो?

2005 च्या कायद्यानं सूर बदलला. सरकारी असल्याचा भास होईल अशा रीतीनं राजमुद्रा वापरली, तर दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हुबेहूब नसली, नुसती तिच्यासारखी दिसली तरी तेच. 2007 च्या नियमांत तर माजी मंत्री आणि निवृत्त अधिकारीही अडकले. गाडीवर सिंह राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल अशा मोजक्यांनाच. खुद्द पंतप्रधानांच्या गाडीला त्रिकोणी पट्टीवरचं अशोकचक्र. हे सांगितलं की निवृत्त साहेब चिडतात, मेहुण्याच्या वर्दीवर मिरवणारे त्याहून जास्त.

'पोलीस' लिहून मागणाऱ्यांसाठी इंग्रजांनीच 1860 च्या दंडसंहितेत कलम 171 घालून ठेवलं होतं: लोकांना फसवण्यासाठी सरकारी नोकराचा वेश किंवा खूण वापरली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद. आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम 205 झालंय. दोनशेचा दंड पाच हजारांवर गेला, कैद तेवढीच राहिली.

1950 च्या त्या कायद्यातल्या चिन्हांच्या नि नावांच्या यादीत पुढे छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्रही आलं. शिवजयंतीला इथली मराठी मंडळी गाडीच्या काचेसाठी महाराज मागतात, ते मी आनंदानं कापतो. पण दुकानाच्या पाटीवर महाराज लावून गिऱ्हाईक ओढायचं म्हटलं, तर दिल्लीची परवानगी लागेल. म्हणून पाटीवर नुसतं 'रेडियम आर्ट' आहे.