देवळालीचा ताप

इंग्लंडमध्ये एखादा माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला, भलतंसलतं बोलू लागला, की त्याच्याबद्दल सहज म्हणतात : 'तो डूलॅली झालाय.' हा शब्द लंडनच्या बसमध्ये ऐकू येतो, टीव्हीवरच्या मालिकांत येतो, घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या विसराळूपणाबद्दलही मायेने वापरला जातो. त्याचं जन्मगाव मात्र आपल्या नाशिक जिल्ह्यात आहे. मुंबईहून निघालेली गाडी कसारा घाट चढून इगतपुरी मागे टाकते आणि नाशिक रोडच्या आधी ज्या स्टेशनात शिरते, ते देवळाली. 'डूलॅली' म्हणजे तीच.

गोऱ्या शिपायाच्या जिभेला 'ळ' पेलणारा नव्हता. कागदोपत्री 'देव'चं 'देओ' झालंच होतं. त्यातून 'देओलाली' आणि बराकीतल्या बोलण्यात घासत घासत 'डूलॅली'. गावाचं नाव असं ओळखू येईनासं झालं, म्हणूनच पुढे ते विशेषण म्हणून खपून गेलं.

ब्रिटिशांनी १८६०च्या दशकात इथे लष्करी छावणी वसवली. जागेची निवड अचूक होती. १८६५ साली थळ घाटातली रेल्वे सुरू झाली आणि मुंबई बंदर आवाक्यात आलं. गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, त्यामुळे किनाऱ्यावरचा घामट उकाडा नाही. विलायतेहून आलेल्या पलटणी बोटीतून उतरल्या की आधी इथे येत आणि इथून हिंदुस्थानभर पांगत. नोकरीची मुदत संपलेले शिपाई परत जातानाही इथेच गोळा होत. ही येण्याजाण्याच्या वाटेवरची छावणी होती, एखाद्या मोठ्या धर्मशाळेसारखी.

अडचण होती ती बोटींची. सैन्य नेणाऱ्या बोटी साधारण हिवाळ्यातच ये-जा करत. ऐन उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातून माणसांनी खच्चून भरलेली बोट नेणं जिवावरचं काम, आणि पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला. त्यामुळे ज्याची मुदत शेवटची बोट सुटून गेल्यावर संपे, त्याला पुढच्या हंगामापर्यंत कित्येक महिने देवळालीत काढावे लागत. शिपाईगिरी संपलेली आणि घर हजारो मैल दूर. करायला फारसं काही नाही. ज्या कवायतीला वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, तिचीही उणीव भासावी अशी ती रिकामी दुपार.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा वेल्समधला एक साधा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या आठवणींच्या पुस्तकात त्याने या छावणीबद्दल जुन्या शिपायांकडून ऐकलेलं लिहून ठेवलं आहे. ज्यांच्या नोकरीवर एक डाग नव्हता अशी माणसं इथे कंटाळ्याने बिघडत, गुन्हे करून तुरुंगात जात. त्या चमत्कारिक वागण्यातूनच हा वाक्प्रचार निघाला असावा, असा त्याचा कौल आहे.

मूळ वाक्प्रचार 'डूलॅली टॅप' असा जोडशब्दांचा. यातला 'टॅप' म्हणजे हिंदुस्थानीतला 'तप', आपला 'ताप'. गोऱ्या पलटणींनी नोकरांकडून, बाजारातून, दवाखान्यातून जी मोडकीतोडकी हिंदुस्थानी उचलली, तिच्यात हा शब्द असणारच. हिवतापाने अंथरूण धरलं नाही असे शिपाई थोडे. तेव्हा 'डूलॅली टॅप' म्हणजे शब्दशः 'देवळालीचा ताप'. आपणही 'डोक्याला ताप' म्हणतोच. या शिपायांचा ताप तसाच डोक्यात चढलेला होता. पण इंग्रजी कानाला 'टॅप' म्हणजे हलकी थाप, टपली. मूळ अर्थ न कळणाऱ्याला डोक्यात टपली बसलेला माणूस दिसावा, हे स्वाभाविकच. फ्रेझर आणि गिबन्स यांनी १९२५ साली छापलेल्या सैनिकी शब्दांच्या कोशात हा जोडशब्द आहे. पुढे 'टॅप' गळून पडला आणि नुसता 'डूलॅली' उरला. आजार विसरला गेला, गावाचं नाव तेवढं राहिलं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांचे लोंढे पुन्हा देवळालीतून गेले. त्यांत जिमी पेरी हा तरुण होता. इथल्या तोफखान्याच्या नाटकमंडळीत त्याने काम केलं. त्याने डेव्हिड क्रॉफ्टसोबत लिहिलेली 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही मालिका १९७४ साली बीबीसीवर सुरू झाली, तेव्हा तिची पहिली कथानकं देवळालीच्या छावणीतच घडत होती.

याच शिपायांच्या बोलीतला आणखी एक शब्द इथे आठवतो : 'ब्लायटी'. तो आपल्या 'विलायती'वरून आला आणि त्याचा अर्थ झाला मायदेश, घर. मला हे दोन शब्द सख्खे भाऊ वाटतात. ब्लायटीची बोट लागत नाही, तोवर डूलॅली.

गावाच्या नावाने वेड ओळखण्याची रीत आपल्यालाही नवी नाही. मुंबईकर 'याला ठाण्याला पाठवा' म्हणतो, पुणेकर येरवड्याला. लंडनच्या बेथलेम इस्पितळाच्या नावावरून इंग्रजीत गोंधळाला 'बेडलॅम' म्हणतात. पण ठाणे, येरवडा, बेथलेम या ठिकाणी मनोरुग्णालयं होती, म्हणून ती नावं चिकटली. देवळालीचं नाव चिकटलं ते मुदत संपलेल्या शिपायांच्या छावणीमुळे.

म्हणून या शब्दाने देवळालीवर अन्याय केला, असं मला मनापासून वाटतं. मुंबईची पारशी, गुजराती, मराठी कुटुंबं पिढ्यानपिढ्या याच गावी हवापालटाला आली. इथली कोरडी हवा छातीला मानवते म्हणून सॅनिटोरियमं उभी राहिली. खोकल्याने खंगलेली माणसं इथे राहून तरतरीत होऊन घरी गेली. हवा तीच, पाणी तेच. मुंबईकर परतीचं तिकीट खिशात घालून येई. शिपायाजवळ ते नव्हतं. त्याला चढलेला ताप त्या न मिळालेल्या तिकिटाचा होता. देवळालीने त्याला फक्त आपलं नाव दिलं.