बटाट्याचं बेणं घरचं का टिकत नाही?



दिवाळी जवळ आली की पुण्याहून भाचीचा फोन येतो. "मामा, टोपलीतल्या बटाट्यांना कोंब आलेत, परसात लावू का?" दरवर्षी मी सांगतो, बेणं माझ्याकडून ने. ती विचारते, का? आता फोनवर शंभर वर्षांची हकिकत कुठं सांगत बसणार, म्हणून इथं लिहितो.

आपण खेड-आंबेगावची माणसं बटाट्याला आपलंच पीक समजतो. पण नावसुद्धा आपलं नाही, ते पोर्तुगीजांकडून आलं. उत्तरेत त्यालाच आलू म्हणतात. इंग्रजांच्या अमदानीत तो आपल्या जिल्ह्यात रुजला, पण बेणं बाहेरचंच राहिलं. मुंबई बंदरात इटलीहून बोटीनं बेणं उतरायचं. १९०६ च्या सुमारास त्याच बेण्याबरोबर एक बारकी करडी पाकोळी इकडं आली. ती डोळ्यापाशी अंडी घालते, अळी आत बोगदे पाडते. उन्हाळ्याच्या उष्म्यात तिच्या पिढ्यांवर पिढ्या होतात. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल हॅरोल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या बटाट्यावर १९२० साली पुस्तिकाच काढली. म्हणजे आपलं दुखणं नवं नाही.

पुढं दुसऱ्या महायुद्धात इटली इंग्रजांविरुद्ध उतरली, तिकडचं बेणं बंद झालं. मग नजर गेली शिमल्याकडं. थंड डोंगरात मावा कमी, म्हणून बेणं निरोगी. पण त्यातही मेख होती. डोंगरातला बटाटा निघतो सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि सपाटीवर लागवड असते तेव्हाच. ताजा काढलेला बटाटा झोपेत असतो, दोन-अडीच महिने कोंबच काढत नाही.

१९४९ साली पाटण्याला केंद्रीय बटाटा संशोधन संस्था निघाली, १९५६ ला ती शिमल्याला गेली. डॉ. पुष्करनाथ आणि त्यांच्या मंडळींनी साधीच गोष्ट हेरली. पंजाबसारख्या सपाटीवर ऑक्टोबर ते डिसेंबर मावा फारसा नसतो. तेव्हा लागवड लवकर करायची, रोगट झाडं उपटायची, आणि मावा वाढायच्या आत, डिसेंबर अखेर ते जानेवारीत, पाला कापून टाकायचा. पाला नाही तर विषाणू खाली बटाट्यात उतरणार कसा? मग ते बेणं कोल्ड स्टोरेजला. १९६८ साली आलेली कुफरी ज्योती आपल्याकडं घरोघर पोचली ती यामुळं. आज मंचरच्या बाजारात पंजाबची बेण्याची गाडी उतरते त्यामागं एवढं आहे.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. १९९८ च्या रब्बीला बेण्याचा भाव ऐकून वडील म्हणाले, यंदा घरचंच ठेवू. शेतात झाडाखाली आरण घातली, थराथराला निरगुडीचा पाला टाकला. जूनला उकलली तर निम्म्या बटाट्यांच्या डोळ्यांत काळी विष्ठा, वास सुटलेला. उरलेलं निवडून लावलं. वर आलं, पण पानं वळलेली, झाडं खुरटी, आणि खाली सुपारीएवढी गोटी. पाकोळी डोळ्यांना दिसते, विषाणू दिसत नाही. धाकट्या बहिणीचं लग्न त्या साली एक वर्ष पुढं गेलं. वडील नंतर कधी त्यावर बोलले नाहीत, पण बेणं घ्यायला मात्र स्वतः जात.

तर भाचीबाई, टोपलीतला बटाटा खायचा आहे. त्यात विषाणू किती हे कुणी बघितलेलं नसतं. शिवाय खायच्या मालाला स्टोरेजमध्ये कोंब येऊ नयेत म्हणून औषधाची धुरी देतात, तसला लावला तर डोळे मुके राहतात. तुझा नुसताच वेळ आणि माती जाईल.

बेणं स्टोरेजमधून आलं की लगेच मातीत घालू नको. गार बटाट्याला उबेची सवय होऊ दे. गोणीतून काढून सावलीत, वारं आणि थोडा उजेड लागेल असं एकाच थरात आठ-दहा दिवस पसर. अंधारात कोंब लांब, पांढरे येतात आणि हात लागला की तुटतात. उजेडात आखूड, जाड, हिरवट येतात, तेच हवेत. बटाटाही हिरवा पडेल. तो बेण्याला चालतो, पण भाजीत घालू नको, बाधतो.

अंड्याएवढा असेल तर अख्खा लाव. मोठा असेल तरच काप. दर फोडीला दोन-तीन डोळे आणि चाळीसेक ग्रॅम वजन राहू दे. सडका, आतून काळा निघाला तर तो फेक आणि विळी धुऊनच पुढचा घे. फोडी एक-दोन दिवस सावलीत सुकव, तोंडावर साल धरली की लाव. ओल्या फोडी ओल्या मातीत म्हणजे सडच. झाड वीतभर झालं की माती लाव, आणि नंतरही भेगा बुजवत राहा. पाकोळी भेगेतूनच खाली जाते.

यंदाचं बेणं परवा आलंय. पडवीत पसरलंय, कोंब ज्वारीच्या दाण्याएवढे झालेत. तुझ्यासाठी दोन किलो बाजूला काढलंय, रविवारी ये. पिशवी नको आणू, खोकं आण. पिशवीत कोंब मोडतात.