सरसरीत पिठाची नावं

भाकरी थापतात, पोळी लाटतात, पापड वाळवतात. आणि धिरडं, घावन, आंबोळी? ती घालतात. ज्या पिठाला हातांनी आकार देता येत नाही, त्याच्यासाठी मराठी स्वयंपाकघराने हे क्रियापद राखून ठेवलं आहे. पिठात पाणी पडून ते सरसरीत झालं की पोळपाट-लाटण्याचं राज्य संपतं आणि डावाचं सुरू होतं. तव्यावरून सोडवायला लागतं ते उलथनं. त्याचं नावही 'उलथणं' या कामावरूनच पडलेलं.

इंग्रजीत याच जातीच्या पदार्थाला सुमारे सहाशे वर्षं 'पॅनकेक' म्हणतात. त्याचं नाव भांड्यावरून आलं. आता आपल्याकडेही तयार पिठाची पाकिटं मिळतात आणि मुलं नाश्त्याला पॅनकेक मागतात; अंडं घातलेलं गोड, जाड धिरडंच ते. पण आपण मात्र यातल्या कशालाच तव्याचं नाव दिलं नाही. आंबोळीला दिलं ते चवीचं.

आंबोळी म्हणजे आंबवलेली पोळी. मधला 'प' गेला कुठे? दोन स्वरांमध्ये सापडलेला 'प' आधी मऊ होतो, मग कधी विरूनच जातो. दीपावलीची दिवाळी झाली ती याच वाटेने, आणि सांजा भरलेल्या पुरीची सांजोरी झाली तीही. तांदूळ-उडीद भिजवून, वाटून, रात्रभर आंबवल्याशिवाय हे नाव लावायचा हक्क नाही. ऐन वेळी सोडा घालून केलेल्या आंबोळीला मी तरी धिरडंच म्हणेन.

या नावातली पोळी बरीच जुनी. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने ११३०च्या सुमारास लिहिलेल्या 'मानसोल्लासा'त पोलिका आहे, मांड्यांचे पूर्वज मंडक आहेत आणि धोसकही आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंद करणारा ग्रंथ तो हाच. धोसक म्हटल्यावर डोसा आठवतो, पण हा धोसक डाळींचा; तांदळाचा त्यात पत्ता नाही. नाव डोशाकडे गेलं खरं, पदार्थ पाहिला तर तो आपल्या मुगाच्या धिरड्याच्या जास्त जवळचा वाटतो.

पोळीचा अर्थ मात्र एका जागी थांबला नाही. काही घरांत ती रोजची गव्हाची, तर पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक घरांत रोजची ती चपाती आणि पोळी म्हणजे सणाची, पुरणाचीच. यावरून होणारे वाद लग्नघरांत ऐकावेत! कोकणात तांदळाच्या पिठाच्या घावनांना 'पोळे' म्हणणारी घरं आहेत, गोव्यात कोंकणी 'पोळो' आहे. म्हणजे समुद्रकाठी हा शब्द पातळ पिठाकडे राहिला आणि घाटावर लाटण्याखाली गेला. बिडाच्या तापल्या तव्यावर पीठ पडताच भोकाभोकांची जाळी उमटते, तेव्हा मधाचं पोळं आठवल्याशिवाय राहत नाही. पण नुसतं दिसण्यावरून किंवा कानाला लागण्यावरून व्युत्पत्ती ठरवायची नसते. 'पोळणं'वरून पोळी आली असं सांगणारे बरेच भेटतात, त्यांनाही हेच उत्तर.

कोकणात गौरीच्या नैवेद्याला घावन-घाटलं असतं. घाटलं म्हणजे तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गूळ सतत घाटत राहून केलेली दाट खीर. पुन्हा क्रियापदच. घावन मात्र आंबवायचं नसतं; पीठ कालवलं की लगेच तव्यावर. म्हणून सकाळी घाईच्या घरात आंबोळीपेक्षा घावनाची चलती.

किनाऱ्याने खाली मंगळूरकडे गेलं की घावनाचा सख्खा भाऊ भेटतो. तांदूळ भिजवून वाटायचे आणि त्यात इतकं पाणी घालायचं की पीठ ताकासारखं वाहिलं पाहिजे. तुळू लोकांनी नाव पाण्यावरूनच ठेवलं: नीर डोसा. बरोबर नारळाच्या वाटणातला कोंबडीचा रस्सा असला, तर तो नाश्ता जेवणापर्यंत लांबतो.