व्हेनिसमधलं बिऱ्हाड

मंडळी, आज जरा वेगळा विषय. व्हेनिस बिएनाले हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. दर दोन वर्षांनी भरणारं समकालीन कलेचं प्रदर्शन, सुरुवात १८९५ ची. भारताचं पहिलं अधिकृत राष्ट्रीय दालन तिथे उभं राहिलं ते २०११ मध्ये. म्हणजे तब्बल ११६ वर्षांनी!

आधी तिथली व्यवस्था सांगतो. 'जिआर्दिनी' नावाच्या बागेत देशोदेशींच्या स्वतःच्या इमारती आहेत. पहिली बेल्जियमची, १९०७ ची. १९०९ मध्ये ब्रिटनने बागेतलं एक जुनं उपाहारगृह घेऊन त्याचं दालन केलं. तेव्हा आपण त्याच ब्रिटनचे गुलाम, त्यामुळे आपल्या नावाची पाटी लागायचा प्रश्नच नव्हता. पण १९४७ नंतर? जपानने १९५६ मध्ये तिथे इमारत बांधली, कोरियाने १९९५ मध्ये. आपली आजही नाही. ज्यांचं घर नाही त्यांनी 'आर्सेनाले' या जुन्या जहाजबांधणीच्या गोदीत किंवा शहरात कुठेतरी जागा भाड्याने घ्यायची. थोडक्यात, बिऱ्हाड पाठीवर.

२०११ चं दालन ललित कला अकादमीचं होतं आणि त्याची आखणी केली होती मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे यांनी. त्यांची निवड मला फार आवडते. नेहमीची बाजारातली मोठी नावं त्यांनी टाळली. अलीगढला जन्मलेल्या, न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या झरीना हाश्मी होत्या. गुवाहाटीचं 'डिझायर मशीन कलेक्टिव्ह' होतं, त्यांनी तिथल्या एका बंद पडलेल्या औष्णिक वीजकेंद्रात चित्रित केलेली फिल्म आणली होती. गिगी स्कारिया यांनी चक्क लिफ्ट मांडली. प्रेक्षकाने आत उभं राहायचं आणि तळघरातल्या पार्किंगपासून वरपर्यंत भारतीय घरांचे मजले डोळ्यांसमोरून सरकताना बघायचे. प्रणीत सोई तर कोलकाता आणि ॲमस्टरडॅम अशा दोन्हीकडचे. 'भारत म्हणजे नकाशावरची रेघ नव्हे' हे सरकारी खर्चाने सांगितलं गेलं, ही काही लहान गोष्ट नाही.

पुढे काय झालं? २०१३ ला दालन नाही. २०१५ ला गुजराल फाउंडेशन या खाजगी संस्थेने मुंबईच्या शिल्पा गुप्ता आणि लाहोरचे रशीद राणा यांना एकाच छताखाली आणलं. दोन्ही देशांपैकी एकाचंही अधिकृत दालन नव्हतं, आणि त्यांचे कलाकार मात्र शेजारी शेजारी. २०१७ ला पुन्हा काही नाही.

२०१९ ला गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीचं निमित्त मिळालं. (आपल्याकडे निमित्त लागतंच.) सांस्कृतिक मंत्रालयासोबत किरण नाडर संग्रहालय आणि सीआयआय होते. या दालनात महाराष्ट्राचा वाटा मोठा होता: अतुल दोडिया, जितीश कल्लाट, शकुंतला कुलकर्णी आणि दिवंगत रुम्माना हुसेन. शकुंतलाताईंनी वेताची चिलखतं विणली होती. अंगाचं रक्षण करणारी, आणि त्याच वेळी अंगाला कोंडणारी. कल्लाट यांनी गांधीजींनी १९३९ मध्ये युद्धाच्या तोंडावर हिटलरला लिहिलेलं पत्र पडत्या धुक्याच्या पडद्यावर उमटवलं. लोक त्या अक्षरांतून आरपार चालत जायचे. नंदलाल बोस यांची १९३८ च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठीची चित्रंही तिथे होती.

आता कोणी म्हणेल, तिकडे पाटी लागली काय, न लागली काय, इथल्या शाळांना चित्रकलेचे शिक्षक नाहीत त्याचं बघा. मुद्दा खराच आहे. पण दोन्हींचं मूळ एकच वाटतं मला. कला म्हणजे जयंती-उत्सवाची सजावट, वर्षानुवर्षं चालवायचं खातं नव्हे, ही समजूत. आठ वर्षांनी एकदा दालन लावायचं तर त्यात ना अनुभव साठतो, ना माणसं तयार होतात, ना पुढची जागा आधी धरून ठेवता येते.

कोविडमुळे पुढचं प्रदर्शन २०२२ वर गेलं. त्यातही आपलं दालन नव्हतं आणि २०२४ मध्येही नव्हतं. गंमत म्हणजे २०२४ च्या मुख्य प्रदर्शनात भारतीय चित्रकार बरेच होते. त्यांत गोव्याच्या साळगावचे सूझा होते आणि नागपूरजवळच्या बेला गावच्या बी. प्रभाही. ब्राझीलचे आद्रियानो पेद्रोसा यांनी त्यांची चित्रं निवडून भिंतीवर लावली होती. त्या वर्षीच्या प्रदर्शनाचं नाव होतं, 'सगळीकडे परकेच'.